हिंमतरावांची खडीवरची सायकल

हिंमतराव सायकल घ्यायची म्हणतात हे कळलं तेव्हा चिंचमळ्यातल्या लोकांना वाटलं, माणसावर काहीतरी मोठं संकट कोसळलेलं दिसतंय. ज्याच्या दारात दोन मोठ्या गाड्या आणि मागच्या वावरात डंपरांची रांग उभी, तो माणूस आपखुशीनं सायकलवर कशाला बसेल?

चिंचमळा सोलापूर रस्त्याला, हडपसरच्या पुढे. काही वर्षांपूर्वी तो शहरात गेला, म्हणजे शहरच चालत त्याच्याकडे आलं. हिंमतराव तरुणपणी टेम्पो चालवायचे. गावातला कोबी-फ्लॉवर मार्केट यार्डात नेऊन टाकायचा, दुपारी परत यायचं आणि झाडाखाली झोपायचं. पुढे एका टेम्पोचे दोन झाले, मग डंपर आला, डंपरात खडी आली, आणि खडी आली की रस्ता काही फार लांब राहत नाही. हिंमतराव रस्त्याची कामं घेऊ लागले. ‘घेऊ’ हाच शब्द बरोबर. ‘करू’ म्हणणं धाडसाचं होईल. घेतलेलं काम ते दुसऱ्याला देत, दुसरा तिसऱ्याला देई, आणि तिसऱ्यानं टाकलेल्या डांबरात डांबर शोधावं लागे. त्यांचा रस्ता दिवाळीला नवा असायचा, होळीला जुना व्हायचा आणि गणपतीत लोक एकमेकांना विचारायचे, इथून जायचं कसं?

तर अशा या सुखी माणसाची साखर वाढली. पोट आधीच वाढलेलं होतं, गुडघेही कुरकुरू लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. हिंमतराव चार सकाळी चालले आणि गुडघा टम्म सुजवून बसले. मग डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा.

“पप्पा, इलेक्ट्रिक घ्या,” राजनंदिनी म्हणाली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, मगरपट्ट्यात एका कंपनीत नोकरीला. “मोटर मदत करते. गुडघ्यावर लोड येत नाही.”

“मोटर असल्यावर व्यायाम कशाचा होणार?”

“तोंडाचा,” स्वयंपाकघरातून विजयमालाबाई म्हणाल्या. हिंमतरावांच्या संसारात त्या कमी बोलत, पण वाया काही जाऊ देत नसत.

रविवारी बापलेक कर्वेनगरातल्या एका दुकानात गेले. दुकान सौमित्रचं. हा गृहस्थ पूर्वी आयटीत होता. नोकरी सोडून त्यानं सायकलींचं दुकान काढलं आणि तेव्हापासून तो सायकली विकत नसे, दीक्षा देत असे. दुकानात काउंटर नव्हता. लाकडी बाकं होती, कॉफी होती आणि भिंतीवर कुठल्याशा परदेशी डोंगरात हरवलेल्या सायकलस्वाराचा मोठा फोटो होता.

“आपण वापरणार कशासाठी, सर?”

“बसायला.”

“नाही, म्हणजे कम्यूट की लेजर?”

हिंमतरावांनी मुलीकडे पाहिलं. “ऑफिसला जायला की फिरायला, पप्पा.”

“दोन्ही. रोज मार्केट यार्डापाशी ऑफिसला जायचं, आन रविवारी लोणी काळभोरकडं एक चक्कर.”

सौमित्रनं डोळे मिटले, जणू कुंडली मांडत होता. तेवढ्यात हिंमतरावांना एक सायकल आवडूनही गेली. काळीकुट्ट, रणगाड्याच्या घाटाची, चाकं गाभण म्हशीच्या पोटासारखी. मूठ पिळली की पायडल न मारता पळणारी.

“हीच द्या.”

“उचलून बघा.”

हिंमतरावांनी बाह्या सरसावल्या. पुढचं चाक उठलं, मागचं उठलं नाही, आणि हिंमतरावांचा चेहरा मात्र भलताच लाल झाला. आता उचलायचं कारण काय, असं कुणी म्हणेल. पण त्यांचं ऑफिस मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, अरुंद जिन्यानं वर चढून जायचं. खाली हातगाड्या, टेम्पो, पोती. सायकल खाली ठेवली तर संध्याकाळपर्यंत तिच्यावर कांदा रचलेला असणार. म्हणजे ती रोज वर न्यायची. म्हणजे हलकी हवी.

“मग ती बघा,” म्हणून त्यांनी स्वतःच कोपऱ्यातली एक बारीक चाकांची सायकल एका हातानं उचलली आणि लहान पोरासारखे खूश झाले. सौमित्रनं ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली.

“ही आपल्यासाठी नाही, सर. हिला रस्ता लागतो.”

“आन आपल्याकडं काय हाय?”

“कुठून येता आपण?”

“चिंचमळा.”

“अरे बाप रे!” सौमित्रनं छातीला हात लावला. “चिंचमळा रोड! सर, त्या रस्त्यावर मी एकदा पुढचं चाक सोडून आलोय. कुठल्या नालायकानं केलाय तो?”

राजनंदिनी एकदम शेल्फावरची हेल्मेटं बघायला लागली. हिंमतराव खोकले. “असंल कुणीतरी,” ते म्हणाले. “लई लोकं हायेत त्या धंद्यात.”

“आपल्याला ग्रॅव्हल बाइक लागेल. ग्रॅव्हल म्हणजे…”

“खडी,” हिंमतराव म्हणाले. त्या दुकानात त्यांना कळलेला हा पहिलाच शब्द. “खडीसाठी वेगळी सायकल निघालीय?”

“निघालीय ना. परदेशात लोक मुद्दाम शहराबाहेर जातात, खडीचे रस्ते शोधायला. आपण भाग्यवान, आपल्याला शोधावे लागत नाहीत.”

मग त्यानं ती बाहेर काढली. मातकट हिरवी, सडपातळ, टायर ना जाड ना बारीक, हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मोटर मागच्या चाकाच्या पोटात, बॅटरी खालच्या नळीत लपवलेली. हिंमतरावांनी उचलली, दोन्ही चाकं उठली आणि श्वासही जागेवर राहिला.

“पण ही इलेक्ट्रिक हाय हे लोकांना कळणार कसं?”

“तेच तर सौंदर्य आहे, सर. कळत नाही.”

“कळायचंच नसंल तर मग एवढी महाग कशाला घ्यायची?”

या प्रश्नाचं उत्तर सौमित्रच्या धर्मात नव्हतं. त्यानं विषय बदलला. “हिला मूठ पिळायची सोय नाही. आपण पायडल मारलं तरच मोटर मदत करते. जितकं आपण लावाल, त्या प्रमाणात ती लावेल.”

“म्हंजे मी काम केलं तरच ती करणार?”

“बरोबर.”

हिंमतरावांना हे मनातून फार लागलं. आजवर दुसऱ्यानं काम करायचं आणि आपण झाडाखाली खुर्ची टाकून बसायचं, हाच त्यांचा अनुभव. पैसे मोजून घेतलेलं यंत्र आपल्यालाच राबायला लावणार म्हणजे काय! ते न घेताच परतले.

पुढचे काही आठवडे मात्र सायकलीनं त्यांच्या डोक्यात घर केलं. साइटवर डांबर पडायचं तेव्हा हिंमतराव गाडीत बसून मोबाइलवर परदेशी माणसांना चिखलातून सायकली हाकताना बघायचे. मोठी बॅटरी घ्यावी तर वजन वाढतं, लहान घ्यावी तर संध्याकाळी हडपसरच्या गर्दीत ती मान टाकेल की काय अशी धास्ती. खडकीच्या एका दुकानात त्यांनी मधोमध मोटर असलेली सायकल चालवून पाहिली. ती चढाला झकास ओढायची, पण जिना म्हटला की पुन्हा तोच रणगाडा. चिखल अडवायला मडगार्ड बसतं का, डबा ठेवायला मागे कॅरियर बसतं का, खिळा घुसला तर टायरमधला डिंक खरंच भोक बुजवतो का, असे प्रश्न ते फोन करकरून विचारायचे. एवढी चौकशी त्यांनी खडीचा ट्रक उतरवून घेताना कधी केली असती तर चिंचमळ्याचं भलं झालं असतं.

“मला बघायला आला होता तेव्हा पोह्यांची बशी संपायच्या आत होकार दिला होता तुम्ही,” विजयमालाबाई एकदा म्हणाल्या. “एवढा इचार तेव्हा का न्हाई केला?”

“तेव्हा ट्रायल न्हवती,” हिंमतराव म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना भाजी थंड मिळाली.

शेवटी ती मातकट हिरवीच आली. एकदा चालवायला म्हणून सौमित्रनं दिली, हिंमतरावांनी जपून पायडल मारलं आणि पाठीवर कुणीतरी हलकेच हात ठेवून पुढे सरकवावं तसं झालं. गुडघा बोलला नाही. छोट्या चढावर एका कॉलेजच्या पोराला मागे टाकल्यावर तर त्यांनी मागे वळून पाहिलं. टेम्पोच्या काळानंतर इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या एका चढावर सौदा पक्का झाला.

घरी सायकलीला हळदकुंकू झालं, नारळ फुटला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर हेल्मेट घातलेले हिंमतराव, पाठीमागे बर्फाचा डोंगर आणि खाली ‘पर्यावरणप्रेमी, युवकांचे प्रेरणास्थान’. फ्लेक्स बांधताना रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या दोन फांद्या छाटाव्या लागल्या.

रोजचं जाणं-येणं सुरू झालं. चिंचमळा रस्त्यानं गेलं तर हायवे जवळ. पण हिंमतराव घरातून निघाले की डावीकडे न वळता उजवीकडे वळायचे, कालव्याच्या कडेनं मोठा वळसा घालायचे आणि शाळेच्या मागून बाहेर पडायचे. पुढेही त्यांची वाट अशीच नागमोडी. एका चौकातून आत, दुसऱ्या गल्लीतून बाहेर. कुणी नकाशा काढला असता तर त्याला वाटलं असतं, हा माणूस कुणा सावकाराला चुकवतोय. खरं तर ते स्वतःची कामं चुकवत होते. कुठल्या पट्ट्यात खाली मुरूम नुसता पसरलाय, कुठल्या वळणावर रोलर फिरलाच नाही, हे त्यांच्याइतकं पुण्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

“एवढा येढा कशाला घालता?” विजयमालाबाईंनी विचारलं.

“व्यायाम व्हतो.”

वजन खरंच उतरायला लागलं. सौमित्रनं त्यांना ‘चाकमित्र’ नावाच्या आपल्या मंडळात घेतलं. इथली माणसं रविवारी उजाडताना जमायची, अंगाला चिकटणारे रंगीबेरंगी कपडे घालायची, आणि भजी खायला मिळतील अशा ठिकाणापर्यंत पर्यावरण वाचवत जायची. मंडळाच्या सोनालीताई बँकेत अधिकारी. त्यांनी हिंमतरावांच्या पोटावर ताणलेल्या जर्सीकडे एकदा पाहिलं आणि “हवा मापात भरावी, टायर असो की काही असो,” एवढंच म्हणाल्या. तरी हिंमतरावांना ही मंडळी आवडली. इथं कुणी टेंडरबद्दल बोलत नव्हतं. धंदा काय, असं विचारल्यावर त्यांनी ‘ट्रान्सपोर्ट’ सांगितलं होतं.

एका रविवारी सगळे कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं लोणी काळभोरला गेले. उसाच्या कडेनं, भुरभुर खडीवरून हिंमतरावांची सायकल सुळसुळत पळाली. परतताना चहाच्या टपरीवर बोलणं निघालं ते चिंचमळा रस्त्याचं. त्या आठवड्यात मंडळातल्या राकेशचं मनगट तिथंच मोडलं होतं.

“त्या कॉन्ट्रॅक्टरला त्याच रस्त्यावरून रोज सायकलवर पाठवलं पाहिजे,” सोनालीताई म्हणाल्या. “मोटर काढून.”

सगळे हसले. हिंमतरावही हसले, जरा जास्तच. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, “खाली खडी दाबलीच न्हाई त्यानं. वरून नुसता काळा रंग मारलाय. पाणी शिरलं की उचकटणारच.”

सौमित्रनं भारावून विचारलं, “सर, तुम्हाला इतकं कसं कळतं?”

“ट्रान्सपोर्टमधी कळतं मानसाला,” हिंमतराव म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. इतकी वर्षं हे सगळं ठाऊक असून बोलायची सोय नव्हती. आता ते बोलायला लागले आणि थांबेनात. त्या कॉन्ट्रॅक्टरचा बेरकीपणा त्यांनी असा रंगवून सांगितला की ऐकणाऱ्यांना तो माणूस डोळ्यांसमोर दिसायला लागला. तो खरंच समोर बसून खारी बुडवत होता, एवढंच काय ते त्यांना दिसलं नाही.

याचा परिणाम असा झाला की मंडळानं चिंचमळा रस्त्यावर आंदोलन ठरवलं आणि पुढे उभं राहायला हिंमतरावांना निवडलं. स्थानिक, जाणकार आणि पर्यावरणप्रेमी; फ्लेक्स सगळ्यांनी पाहिलाच होता. हिंमतरावांनी गुडघ्याचं कारण सांगून पाहिलं. “उभंच तर राहायचंय,” सोनालीताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात पाटी दिली. ‘येथे एक रस्ता होता. आढळल्यास कळवावे.’

सकाळी सगळे खड्ड्यांभोवती सायकली लावून उभे राहिले. फोटोवाले आले. येणारे-जाणारे हॉर्न वाजवून पाठिंबा देत होते. चिंचमळ्यातले लोक मात्र हाताची घडी घालून बघत होते. एक म्हातारे गृहस्थ हिंमतरावांच्या अगदी जवळ आले, त्यांनी पाटी सावकाश वाचली, हिंमतरावांचं तोंड सावकाश वाचलं, “वा!” म्हणाले आणि निघून गेले. तेवढ्या एका शब्दानं हिंमतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मग त्या भागातल्या रस्त्यांचं काम बघणारे साहेब आले. गाडीतून उतरताना त्यांनी पाटीमागचा माणूस ओळखला आणि एक पाय तसाच हवेत राहिला.

“हिंमतराव? तुम्ही?”

“जनतेचा प्रश्न हाय, साहेब,” हिंमतराव मोठ्यानं म्हणाले. आणि मग हळूच, “गाडीत बसून बोलू.”

आत बसून काय बोलणं झालं ते कळायला मार्ग नाही. बाहेर येऊन साहेबांनी रस्ता लवकरच नव्यानं करू असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सोनालीताईंनीही टाळी वाजवली, एकदाच. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. राजनंदिनीनं तो नाश्त्याच्या वेळी बापासमोर धरला.

“पप्पा, हा तुमचाच रस्ता ना?”

“म्हणून तर गेलो. आपल्याच रस्त्यासाठी आपण न्हाई उभं राहायचं तर कुणी राहायचं?”

राजनंदिनीनं पेपर घडी घालून ठेवला. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं हिंमतरावांना वाटलं.

रस्त्याचं काम निघालं आणि ते ‘विजयमाला एंटरप्रायझेस’ला मिळालं. ही कंपनी आपल्या नावानं आहे हे विजयमालाबाईंना सही करताना कळलं. “माझ्या नावानं खड्डे पाडू नका म्हंजे झालं,” त्या म्हणाल्या. हिंमतरावांनी या वेळी मात्र एक नवी गोष्ट केली. ते स्वतः साइटवर उन्हात उभे राहिले. रोलरवाल्याला हाका मारल्या, खाली बसून हातानं थर चाचपले, एकदा तर डांबर कमी पडतंय म्हणून मुकादमावर ओरडले. मुकादमाला वाटलं, मालकांची साखर पुन्हा वाढली.

रस्ता झाला. चाकमित्र मंडळानं हिंमतरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. पाऊस येऊन गेला. नंतर एका सोमवारी राजनंदिनी हेल्मेट घालून खाली आली.

“आज मी सायकल नेते. मला कॅब मिळत नाहीये.”

“ने की. पण चिंचमळा रस्त्यानं जाऊ नको.”

“का? आत्ताच तर झालाय. सत्कार झाला तुमचा.”

हिंमतराव घुटमळले. चहाची बशी इकडची तिकडे केली. “बरं, जा. पर डाव्या कडंनं जा. कडंची दीड हात पट्टी चांगली हाय. एकदम पक्की. मी सोता उभं राहून करून घेतलीय.”

“आणि बाकीचा रस्ता?”

“बाकीच्यावर गाड्या जातात. त्यांना शॉकॲब्सॉर्बर असतात.”

राजनंदिनीनं बापाकडे पाहिलं. विजयमालाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, हसू होतं की दुसरं काही ते दिसलं नाही. मुलगी सायकल काढून निघून गेली.

हिंमतरावांना बसवेना. त्यांनी मोठी गाडी काढली आणि बरंच अंतर ठेवून मागोमाग गेले. पावसानं आपलं काम चोख केलं होतं. मधला रस्ता ठिकठिकाणी उचकटला होता, खडी मोकळी होऊन पसरली होती. डाव्या कडेची पट्टी मात्र काळीभोर, सपाट, आरशासारखी. आणि त्या पट्टीवर अख्खा चिंचमळा लोटला होता. दुचाक्या, रिक्षा, दुधाचे कॅन, शाळेची व्हॅन, शिवाय समोरून उलटे येणारे. सगळ्यांना तेवढी दीड हात जागा हवी होती. पुढे तर एकानं तिथंच केळ्यांची गाडी लावली होती, कारण गाडी डुलत नाही अशी जागा तेवढीच.

राजनंदिनी काही वेळ त्या रांगेत अडकली. मागच्या दुचाकीवाल्यानं कर्कश हॉर्न वाजवला. “ओ मॅडम, सायकल काढा की बाजूला! लाइन अडवलीय!”

तिनं एकदा मागे पाहिलं आणि हँडल वळवून मधल्या खडीत उतरली. हिंमतरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मुलगी पायडलवर उभी राहून, खड्डे चुकवत, खडी उडवत चालली होती. एकदा मागचं चाक घसरलं तेव्हा त्यांनी स्टिअरिंग घट्ट आवळलं. त्यांना पहिल्यांदा त्या रस्त्याची लांबी कळली. तो संपता संपेना.

हायवेच्या तोंडाशी ती थांबली. गाडी तिनं केव्हाच ओळखली होती. ती काचेपाशी आली. गालावर धूळ होती.

“पप्पा, घरी जा.”

“लागलं का कुठं?”

“नाही. सायकल चांगली निवडलीत तुम्ही,” ती म्हणाली आणि सिग्नल सुटल्यावर वळून मगरपट्ट्याच्या दिशेनं गेली.

हिंमतरावांनी गाडी तिथंच कडेला लावली. मागून हॉर्न वाजत होते. मग त्यांनी फोन काढून मुकादमाला लावला.

“हॅलो, मी बोलतोय. उद्या रोलर चिंचमळ्यावर पाठव. डांबर चांगलं घे, हयगय नको.” काचेतून त्यांनी मागे पडलेल्या रस्त्याकडे पाहिलं. “ती कडंची पट्टी हाय ना, ती अजून हातभर वाढव.”